हूक वरच राहिलं

मी एक जुनी उसाची ट्रॉली आहे, मित्रांनो, आणि आज जरा चिडूनच बोलणार आहे. तिसगावच्या एका वेल्डिंगच्या दुकानात माझा जन्म झाला. आसारामांनी मला घरी आणलं, तेव्हा त्यांच्या बायकोनं, साळूबाईंनी, माझ्या दांडीला हळदकुंकू लावलं होतं. पुढं कित्येक हंगाम मी ऊस वाहिला. कौतुकही झालं, बरं का!

माझी दांडी ट्रॅक्टरच्या मागच्या हुकात अडकते. त्या हुकाला दोन जागा, एक वरची आणि एक खालची. ओल्या रानात दांडी बांधाला घासते, म्हणून हूक वर घ्यायचं. रस्त्याला लागलं की मात्र खाली आणायचं. हूक वर राहिलं तर चढाला माझा भार ट्रॅक्टरला मागं उलथवू बघतो. आसाराम हे कधी विसरले नाहीत. पण गुडघ्यांनी त्यांना घरी बसवलं आणि ट्रॅक्टर हर्षलकडं, त्यांच्या लेकाकडं आला. पोरगं कष्टाळू, पण सदा घोड्यावर बसलेलं.

त्या दुपारी मी उसानं गच्च भरले होते. रानात जेवण घेऊन आलेल्या साळूबाई घरी जायला मडगार्डवर बसल्या. डांबरीला लागताच त्या म्हणाल्या, "हर्षल, हूक खाली घे रं. तुझा बा हितंच थांबायचा."

"आये, कारखान्यावर नंबर जाईल माझा! येवढासा तर चढ हाय, निघंल."

कसला निघतोय! अर्ध्या चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं वर उठली. हर्षलनं क्लच दाबला, चाकं धाडकन खाली आली. पण मी मागं घसरायला लागले. ब्रेक मला धरीना.

साळूबाईंनी उडी मारली. रस्त्याकडेचा दगड उचलून त्यांनी माझ्या चाकामागं सारला. मी थांबले. पण दगडाबरोबर त्यांच्या उजव्या हाताची बोटंही चाकाखाली गेली.

"आये!" हर्षल ओरडला. तसं ओरडणं मी कधी ऐकलं नव्हतं. मला तोंड असतं तर मीही ओरडले असते.

मित्रांनो, गाडी लहान असो की मोठी, जोडणी बघितल्याशिवाय हलवू नका. कुणी "थांब" म्हणालं तर थांबा. आम्ही लोखंडाचे, आमचं वाकलेलं ठोकून सरळ होतं. माणसाचं होत नाही.

आता मी ओसरीसमोरच उभी असते. रोज सकाळी हर्षल चुलीपुढं बसून भाकरी थापतो. ती एकीकडं जाड, एकीकडं फाटलेली होते. साळूबाई डाव्या हातानं घास मोडतात आणि म्हणतात, "लई ग्वाड झालीया रं." तो पुढची भाकरी थापायला घेतो.