मागे हवा नसली तर

हे लिहिणारच नव्हतो. फाइल दोनदा उघडली, दोनदा बंद केली. पण प्रिंटरपासून शटरपर्यंत ताणलेल्या दोऱ्यावर ती लाल स्ट्रॉ अजून तशीच आहे, तिच्यावर चिकटपट्टी, चिकटपट्टीला फुग्याचं फाटकं रबर — आणि मान वर केली की तीच दिसते. काढायला दोन सेकंद लागतील. काढत नाही. का काढत नाही... तेच लिहितोय, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, तुकड्यातुकड्यात.

सिटी सेंटरला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. रॉकेट मी कुठे शिकायला गेलो नाही; व्हिडिओ बघितले, जे मिळालं ते वाचलं, अर्धं कळलं, अर्धं कळल्यासारखं वाटलं. लोक विचारत गेले, मी सांगत गेलो, आणि सांगता सांगता मला वाटायला लागलं की मला येतं. समरजीत माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याला एका तारांगणात इंटरव्ह्यू होता, आलेल्या लोकांना समजावून सांगायची नोकरी, आणि त्याला शिकवलं मी. फुगा फुगवला, स्ट्रॉला चिकटवला, सोडला — सर्रकन शटरवर. बघ, म्हटलं, फुग्यातली हवा मागच्या हवेला ढकलते, म्हणून फुगा पुढे. रॉकेट सेम.

सेम! काय बोललो मी... आणि किती जोरात!

तिथे त्याला विचारलं, वर तर हवा नाही, मग रॉकेट ढकलतं कशाला? हा म्हणाला, "सर, इसीलिए वहाँ इंजन बंद कर देते हैं." इंटरव्ह्यू घेणारे तिघंही हसले. परवा याच स्टुलावर बसून समरजीतनं ते मला सांगितलं, त्यांची नक्कल करत, स्वतःच हसत. "तू बरोबर शिकवलं होतंस यार, मीच घोळ केला. आमच्या घरात सगळे भरतीवाले, छाती मोजतात, डोकं नाही. आता काकांच्या सिक्युरिटी एजन्सीत जातो, बस." आणि मी? मी चहा मागवला. घरी जाऊन शोधलं तेव्हा कळलं की घोळ त्याचा नव्हताच.

दुसऱ्या शहरात तशीच जागा निघाली आहे. फॉर्मची तारीख आज, सहापर्यंत. त्याचे सगळे कागद माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहेत, मी न विचारताही भरून टाकू शकतो — पण ओटीपी त्याच्या फोनवर जाणार, म्हणजे बोलावं लागणार. सकाळपासून चार वेळा नंबर काढला. चार वेळा कोणीतरी आलं. खरं म्हणजे एकदाच आलं.

सुधाताई आल्या होत्या, पेन्शनचा हयातीचा दाखला काढायला. मशीन त्यांचं बोट घेईना. पुसलं, पुन्हा ठेवलं, दुसरं बोट ठेवलं... सर्व्हरही नेमका आजच मरतोय.

"अरे, मी समोर बसले आहे ना? मग जिवंतच आहे. लिही तसं."

"ताई, माझ्या लिहिण्यानं नाही होत."

"मग ही दोरी कसली बांधून ठेवलीस? गळ्यात अडकेल कोणाच्या."

आणि मी सांगायला लागलो. सर्व्हर फिरत होता म्हणून, की मला सांगायचंच होतं म्हणून, देव जाणे. फुग्याचं तोंड बंद असतं तेव्हा आतली हवा रबराला चारी बाजूंनी सारखीच दाबते, म्हणून फुगा जागेवर. तोंड सोडलं की तिकडे दाबायला रबरच नाही, पण समोरच्या बाजूचा दाब आहे तसाच — तोच त्याला पुढे नेतो. रॉकेटमध्ये हवेच्या जागी जळता गॅस, एवढंच.

"म्हणजे मागे हवा नसली तरी चालेल?"

"चालेल. उलट बाहेरची हवा अडवतेच. फक्त जाळायला ऑक्सिजन बरोबर न्यावा लागतो, वर मिळत नाही ना."

"सोपं आहे की," म्हणाल्या, आणि मशीननं बोट घेतलं.

मागे हवा नसली तरी... हेच. अगदी हेच समरजीतनं विचारलं होतं! स्टुलावरच, फुगा हातात धरून — "पर भाई, ऊपर तो हवा नहीं है ना? मग?" आणि मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी चिडलो. त्याच्यावर. "जास्त डोकं लावू नकोस, पाठ कर." सुधाताईंना मी नीट सांगितलं कारण आज मला येत होतं, एवढाच फरक. चुकीचं शिकवलं ते एक वेळ ठीक, चूक कोणाचीही होते... पण त्याच्या डोक्यात बरोबर प्रश्न आला होता आणि मी तो त्याच्याच हातानं खोडायला लावला, आणि आता तो म्हणत फिरतोय की आमच्या घरात डोकं नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी फोन लावला.

"फॉर्म भरतोय तुझा. ओटीपी सांग."

"अरे छोड़ ना यार. माझ्याच्यानं नाही होणार."

"समर, ते हवेचं मीच चुकीचं शिकवलं होतं."

मागे गाड्यांचे हॉर्न.

"मतलब... मैंने जो पूछा था, वो सही था?"

"हो."

"आणि तू पाठ कर म्हणालास."

"हो."

शिवी देईल असं वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं सहा आकडे सांगितले, सावकाश, एकेक. मी टाकले. आणि मग त्याच आवाजात, "एक सांग. वर हवा नाही, रस्ता नाही... मग ब्रेक कसा लावतात?"

उत्तर जिभेवर आलंच होतं, तयार, पॉलिश केलेलं. कुठून आलं, खरं की मीच कधी जोडलेलं, काही सांगता येईना. आणि ती जुनी चिडही आली, बरोबरच, तशीच गरम.

"नक्की माहीत नाही," म्हटलं. "उद्या संध्याकाळपर्यंत बघून सांगतो. आणि कुठे बघितलं तेही दाखवतो. तू स्वतः वाच."