तेवीस नंबरचा गहू

गहू संशोधन केंद्रात त्या दोघांना कुणी नावानं हाक मारत नसे. एक थोरले आणि एक धाकटे. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, म्हणून हे दोघे साडू. साडू म्हणजे एकाच सासऱ्यानं घेतलेल्या दोन छत्र्या. कोणती आधी गळते इकडे सगळ्या घराचं लक्ष.

थोरल्यांनी आपला नवा गहू तयार करायला एकोणीस वर्षं घातली होती. धाकट्यांनी आठ. गेल्या वर्षीच्या पहिल्या चाचणीत धाकट्यांचा गहू पुढे गेला आणि तेव्हापासून थोरल्यांच्या पोटात दुखायला लागलं ते थांबेना. दोन्ही वाण एकाच जुन्या गव्हापासून काढलेले. तो जुना गहूही थोरल्यांनीच कुठून कुठून शोधून आणलेला. म्हणजे चूल आपण पेटवायची आणि शेकायला दुसऱ्यानं बसायचं, असं ते बायकोला म्हणत. बायको म्हणे, बहिणीचा नवरा आहे, परका नाही. हे ऐकून तर त्यांच्या अंगाचा तिळपापड होई. परका असता तर निदान सुट्टीच्या दिवशी त्याच्या शेजारी बसून जेवावं लागलं नसतं.

त्यातून धाकट्यांना चार मुली, आणि पाचवं मूल वाटेवर. थोरल्यांना एक मुलगा, तोही दूर. जेवताना थोरले मुद्दाम विषय काढत. तोंडं दर वर्षी वाढतात, जमीन इंचभरही वाढत नाही, लोकांना याचं काही वाटत नाही, वगैरे. धाकटे मनापासून हो म्हणत आणि मांडीवरच्या मुलीला भरवत राहत. जगाची लोकसंख्या हेच वाढवणार, आणि तिला पोसल्याचं श्रेयही हेच घेणार, या विचारानं थोरल्यांचा घास घशातच अडके.

विषय मात्र खोटा नव्हता. केंद्राची जमीन पूर्वी कालव्यापर्यंत होती. आता निम्म्या जमिनीवर सहा मजली इमारती उभ्या होत्या, आणि खिडक्याखिडक्यांतून मुलं कापणी बघत. गावाचं धान्य कोठार दोन वर्षं हंगामाआधीच रिकामं पडत होतं. म्हणून संचालकांनी ठरवून टाकलं होतं की या वर्षीच्या शेवटच्या चाचणीत जो गहू पहिला येईल त्याचंच बियाणं सगळीकडे द्यायचं. बाकीचे वाण कपाटात. थोरले पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. त्यांच्यासाठी ही शेवटची संधी होती.

चाचणीत पक्षपात नको म्हणून वाणांना नुसते नंबर होते. एका नंबरचे तीन वाफे, शेतात वेगवेगळ्या जागी. कोणता नंबर कुणाचा, ते संचालकांच्या बंद पाकिटात. कापणीचा नियमही जुना होता. कडेच्या ओळींना ऊन-वारा जास्त मिळतो, त्या उगीच माजतात, म्हणून वाफ्यातल्या वीस ओळींपैकी दोन्ही कडांच्या दोन-दोन सोडायच्या आणि मधल्या सोळांचं वजन करायचं.

तेवीस नंबरचा गहू बघून लोक बांधावर थबकत. ओंब्या भरून वाकलेल्या, पण एकही दांडा आडवा पडलेला नाही. थोरल्यांनी तो लांबून पाहिला. असं नशीब कुणाचं असणार ते त्यांना सांगायला नको होतं. पंधरा पावलं चालून जवळ जायचं, एक ओंबी हातात घेऊन चोळून बघायची, हे त्यांनी आयुष्यभर केलं होतं. या वाफ्यांजवळ जायला मात्र त्यांचे पाय तयार होईनात. दुसऱ्याचं भरलेलं पीक जवळून बघण्याइतकं त्यांचं मन मोठं नव्हतं, आणि ते त्यांना माहीत होतं.

कापणीच्या दिवशी धाकट्यांच्या बायकोला कळा सुरू झाल्या. धाकटे इस्पितळात धावले, जाताना म्हणाले, दादा, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे. कापणी आणि वजन, दोन्ही एकट्या थोरल्यांच्या हाती आलं.

त्यांनी मुकादमबाईंना सांगितलं की तेवीसच्या कडा उंदरांनी कुरतडल्या आहेत, तिथं दोनऐवजी तीन-तीन ओळी सोडा. बाईंनी वाफ्याकडे पाहिलं, मग थोरल्यांकडे पाहिलं. उंदराचं एक बीळ दिसत नव्हतं. पण साहेबांशी कोण वाद घालणार? विळे चालले. चौदा ओळींचं वजन सोळा ओळींच्या रकान्यात बसलं, आणि पिकाचा आठवा हिस्सा कागदावरून गायब झाला. कापलेल्या कडा इतर वाफ्यांच्या कडांबरोबर ढिगात गेल्या. त्या रात्री थोरल्यांना कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली.

आठवड्यानं संचालकांनी सगळ्यांसमोर पाकीट फोडलं. पहिला आला सात नंबर. दुसरा तेवीस, अगदी थोडक्यानं मागे. संचालकांनी चष्मा वर केला, नावं वाचली. सात नंबर धाकट्यांचा. तेवीस थोरल्यांचा.

थोरल्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा ते खुर्चीचा हात धरून बसून राहिले. एकोणीस वर्षं ज्याला वाढवलं त्याला त्यांनी ओळखलं नव्हतं. ते पीक इतकं चांगलं होतं की ते आपलं असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. सगळे धाकट्यांचं अभिनंदन करत होते, आणि थोरल्यांना मोठ्यानं सांगावंसं वाटत होतं की पहिला माझा आहे. पण मग पुढचं वाक्यही सांगावं लागलं असतं.

सुट्टीच्या दिवशी बायको त्यांना बाळ बघायला घेऊन गेली. पाचवीही मुलगीच. दोघी बहिणी आत गेल्या तसे धाकटे खुर्ची ओढून जवळ बसले. चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद असा दिसत नव्हता.

"दादा, तेवीस तुमचा आहे हे मी महिन्यापूर्वीच ओळखलं होतं," ते म्हणाले. "दांड्यावरची ती पांढरट झाक तुमच्याच गव्हाला असते. मी हिला सांगूनही ठेवलं होतं, यंदा दादांचाच नंबर लागणार म्हणून."

थोरल्यांनी आपली खुर्ची थोडी मागे सरकवली.

"माझा सात नंबर त्याच्या जवळपास नव्हता, दादा. वजनात कुठंतरी घोळ झालाय. मी उद्या संचालकांना अर्ज देतो, फेरचाचणी घ्या म्हणून. माझं बियाणं वर्षभर थांबलं तर थांबलं. जो जास्त देतो तोच शेतात गेला पाहिजे. खाणारी तोंडं काय थोडी आहेत?" एवढं बोलून त्यांनी दारातल्या चार मुलींकडे पाहिलं आणि स्वतःशीच हसले.

थोरल्यांनी नुसतं हो म्हणायचं होतं. फेरचाचणीत तेवीसच पहिला आला असता. उंदरांबद्दल फार तर कुणी एक प्रश्न विचारला असता, आणि म्हातारपणी नजर चुकते म्हणून सोडूनही दिला असता. गहू गावोगाव गेला असता, दर आठ पोत्यांमागे एक पोतं जास्त पिकलं असतं. पण घरोघर हेही सांगितलं गेलं असतं की थोरल्यांचा गहू मागे पडला होता, धाकट्यांनी मोठ्या मनानं तो पुढे आणला. त्यांची बायकोच पहिली सांगत सुटली असती. गहू आपला, आणि मोठेपणा याचा. जिंकायचं तेही याच्या हातून.

"वजन मी स्वतः केलंय," थोरले म्हणाले. "त्यात चूक नाही. तुम्ही अर्ज-बिर्ज काही देऊ नका."

धाकट्यांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. "तुम्ही केलंय म्हणजे मग प्रश्नच मिटला, दादा."

त्यांनी खरोखरच विश्वास ठेवला होता. इतक्या सहज, मनात काही न ठेवता, कुणावर विश्वास ठेवणं थोरल्यांना जन्मात कधी जमलं नव्हतं. त्यांना त्याचाही हेवा वाटला.