सर्वज्ञानंदांचं रक्षाकडं

किन्हीराजा गावच्या समाजमंदिरात त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. सोयाबीन घरात येऊन पडलेलं, हातात फारसं काम नाही, आणि अशात गावात महाराज आलेले. मग काय विचारता! बायका पुढं, बाप्ये मागं, आणि सगळ्यांचे डोळे व्यासपीठावरच्या पांढऱ्या सोफ्याकडं. सोफ्यावर श्री सर्वज्ञानंद महाराज बसले होते. अंगात भगवी कफनी, डोक्याला फेटा, मांडीवर गंधाचा टिळा लावलेला टॅबलेट. त्याला ते 'ज्ञानपाटी' म्हणत.

"टोकन एकशे चार, पुढं या," महाराज डोळे अर्धे मिटून म्हणाले. "माई, तुमच्या मनात कुकर आहे. पाच लिटरचा. आणि मालक नको म्हणतात."

उकंडरावाची बायको उठून उभी राहिली. "अगाई! कालच मोबाइलमंदी पाह्यला महाराज. कोनाले सांगतलं बी नाई!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायको कुकर मागते आणि नवरा नको म्हणतो, हे ओळखायला सिद्धी कशाला लागते? पण त्या गर्दीत हा प्रश्न विचारणार कोण!

महाराजांचा कारभारच निराळा. दर्शनाचं टोकन हवं तर आधी फोनमध्ये त्यांचं ॲप घ्यायचं. शिष्य रामधन दारातच समजावून सांगे, "फोन इचारन, सूचना वाचू का, आवाज ऐकू का. सगळ्याले हो म्हना. महाराजांले नाई म्हनता का तुमी?" कोणीच नाही म्हणत नसे. मग रोज सकाळी सहाला दोनशे घरांत एकदमच फोन वाजे आणि महाराज ज्याला-त्याला नावानं हाक मारत. एक माणूस एकाच वेळी दोनशे घरांत! लोक फोनला हळदकुंकू वाहू लागले. त्याच ॲपवर अमृततेल विकायला होतं, आणि रक्षाकडं. लाल धाग्यात गुंडाळलेला काळा पट्टा मनगटावर बांधला की तुमच्या देहाची खबर थेट महाराजांना जाते म्हणे.

तिसऱ्या रांगेत वैजयंती दात-ओठ खात बसली होती. ती बचत गट चालवायची, गटाच्या मूगवड्या ऑनलाइन विकायची. तिचे सासरे नानाजी गावातले मानाचे गृहस्थ आणि आता महाराजांचे पट्टशिष्य. घरी सासू मनकर्णाबाई. नऊ वर्षांपासून साखरेच्या आजारानं दुखणाईत, पायाला जखम. मनगटावरचं कडं वाचून महाराजांनी सांगितलं होतं की साखर पळाली. झालं! नानाजींनी इन्सुलिनची सुई बंद केली आणि जखमेवर अमृततेल सुरू केलं. आज सहावा दिवस होता.

सकाळीच वैजयंती सासऱ्यांना म्हणाली होती, "मामाजी, आत्याबाईच्या पायाचं बोट काळं पडून राह्यलं. वाशीमले दवाखान्यात नेऊ."

"दुखते का तिले? इचार."

"नाई दुखत म्हनतात."

"मंग! महाराज म्हनलेच होते, आधी दुखनं जाईन, मंग जखम. तू कायले घाबरतं?"

नवरा गणेश खाली मान घालून उभा होता. बापापुढं त्याचं तोंड कधी उघडलं नव्हतं.

"टोकन एकशे सतरा," महाराजांचा आवाज आला. नानाजी लगबगीनं उठले. महाराजांनी ज्ञानपाटीवर नजर टाकली आणि प्रसन्न हसले. "नानाजी, तुमच्या मनातलं सांगू? केस सरळ करायचं यंत्र. गुलाबी रंगाचं."

नानाजींनी टोपी काढली. डोक्यावर एक केस असेल तर शपथ! मागच्या बाप्यांमध्ये खसखस पिकली. पण रामधन काही कमी नव्हता. "मागच्या जन्मी नानाजीचे केस कुरळे होते!" तो ओरडला. "थे इच्छा राहून गेली!"

"अरे वा!" लोक म्हणाले. नानाजींनीही भक्तिभावानं मान डोलावली.

वैजयंतीला मात्र हसू आलं नाही. ते गुलाबी यंत्र कोणाच्या मनात होतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. चौदा वर्षांची तिची लेक संस्कृती आईच्या धाकानं आजोबांच्या फोनवर खरेदीचं ॲप उघडायची. परवाच तिनं ते यंत्र ॲपमधल्या खरेदीच्या टोपलीत टाकून ठेवलेलं वैजयंतीनं पाहिलं होतं. आमच्याकडं घरचा फोन म्हणजे सगळ्यांचा, आजा बोलतो, नात खेळते, सून रेसिपी पाहते. महाराजांना वाटलं, फोन नानाजींचा म्हणजे मनही नानाजींचंच!

म्हणजे हा माणूस मन वाचतच नाही, फोन वाचतो. तिच्या वड्यांच्या दुकानातही रोज सूचना यायच्या. अमक्या गिऱ्हाइकानं वड्या टोपलीत टाकल्या पण घेतल्या नाहीत, त्याला आठवण पाठवू का? तशीच आठवण नानाजींच्या फोनवर आली असणार, आणि सूचना वाचायची परवानगी तर सगळ्या गावानं महाराजांना देऊन ठेवली होती. मग कड्याचं काय? कुकरचं चुकलं तर कुकरच चुकतो. इथं सासूचा पाय होता.

संध्याकाळी जखम धुताना तिनं सासूच्या मनगटावरचं कडं सोडलं. कोणाला संशय नको म्हणून लाल धागा तेवढा मनगटावर तसाच ठेवला. मग स्वयंपाकघरातल्या एका कोहळ्याला तो पट्टा आवळून बांधला आणि कोहळं नानाजींचा फोन चार्जिंगला असतो त्या फळीखाली सरकवून दिलं. कड्याची खबर त्याच फोनातून महाराजांकडं जायची.

शुक्रवारी सकाळी ती झाकलेली टोपली घेऊन दरबारात हजर. नारळ आणला असेल असं समजून रामधननं लगेच वाट करून दिली.

"महाराज, आत्याबाईले चालता येत नाई. इथूनच पाहा ना, कशा हायेत?"

"माता सात समुद्रापार असली तरी आम्हांला दिसते," महाराज म्हणाले. ज्ञानपाटीवरून बोट फिरलं. "नाडी अठ्ठ्याहत्तर. हृदय लोण्यासारखं. रात्रभर गाढ झोप, एकदाही कूस बदलली नाही. देहातली साखर संपूर्ण शांत झाली आहे."

"आन पाय?"

"पाय चालायला आतुर झाला आहे!"

नानाजींनी हात जोडले. वैजयंतीनं टोपलीवरचं फडकं काढलं आणि कोहळं दोन्ही हातांनी वर धरलं. त्याच्या पोटाला आवळलेला पट्टा हिरवा लुकलुकत होता.

"ह्या पाहा आत्याबाई. काल सांजेपासून कडं ह्याच्याच आंगावर हाये."

क्षणभर कोणाला उमगेना. मग मागून कोणीतरी ओरडलं, "आबे, कोहळ्याले नाडी!" आणि समाजमंदिर हास्यानं फुटलं.

"कोहळ्यातही परमात्मा आहे!" रामधन गरजला.

"असन ना. पन साखर कोनाची शांत झाली?" वैजयंतीचा आवाज चढला. "हा पट्टा उजेड पाडते, माघारी येनारा उजेड मोजते, आन त्याच्यातून नाडीचा हिशेब लावते. कोहळ्यावर बांधला तरी आकडा देते. कोहळं हाललं नाई म्हनून गाढ झोप! आन साखर पाह्याले रक्ताचा थेंब लागते, थे ह्या पट्ट्याले दिसतच नाई. कुकर ह्यांनी उकंडरावाच्या घरच्या फोनवरच्या सूचनेतून वाचला, आमच्या संस्कृतीचं यंत्र बी तसंच. सकाळचा आवाज? मानसाचा आवाज थोडा वेळ ऐकवला का मशीन त्याच आवाजात कोनाचं बी नाव घेते. आमी बी ऑनलाइन वड्या विकतो, पन त्याले धंदा म्हनतो, सिद्धी नाई म्हनत!"

महाराजांनी तात्काळ समाधी लावली. लोक पुढं सरकू लागले तशी समाधीतच उठून ते मागच्या दारानं गाडीत बसले. तेलाची खोकी न्यायचंही भान राहिलं नाही.

नानाजी तसेच उभे होते. त्यांनी कोहळ्याला हात लावला, पट्ट्यावरचा आकडा पाहिला. तो आता ब्याऐंशी दाखवत होता.

"गण्या, गाडी काढ," ते मुलाला म्हणाले. "वाशीमले जाचं हाये. आत्ताच्या आत्ता."

डॉक्टरांना पायाची दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला. अजून आठ दिवस गेले असते तर पायही गेला असता, आणि कदाचित माणूसही. नानाजींनी चाचरत विचारलं, "पन डाक्टरसायेब, तिले दुखत तं नव्हतं..."

"दुखत नव्हतं हाच आजार, काका. साखरेनं पायाच्या नसा मेल्या होत्या."

खाटेवर मनकर्णाबाई जागी होती. छताकडं पाहत ती हळूच म्हणाली, "साहा दिवस तुमी त्या पट्ट्याले इचारत होते माही तब्येत कशी हाये म्हनून. एकदा लुगड्याचा काठ वर करून माहा पाय तरी पाह्यला असता."

नानाजी ढसाढसा रडले. सगळ्या वॉर्डादेखत रडले, आणि लाजले नाहीत.

यंत्रावर राग धरायचं कारण नाही, त्याला मोजायला लावलं ते त्यानं मोजलं. वाईट तो, जो त्या आकड्याला देववाणी म्हणून विकतो. आणि आपण? आपल्या फोनची दारं आपणच सताड उघडून द्यायची, आणि आतलं कोणी वाचून दाखवलं की त्याच्याच पाया पडायचं! बाबांनो, फोन परवानगी मागतो तेव्हा कायले पायजे म्हणून विचारा. चमत्कार दिसला की तो कोहळ्यावर करून पाहा. आणि घरात कोणाला जखम झाली तर तिच्याकडं आपल्या डोळ्यांनी बघा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.