बहात्तर सेकंदांचा ओळंबा

सातवीतली ती मुलगी दिसेल ते मोजायची, म्हणून वर्ग तिला मोजपट्टी म्हणे. गवंड्याची मुलगी. तिच्या वस्तीतून आजवर कुणी विज्ञान शिबिराला गेलं नव्हतं. माझ्या विज्ञान मंडळातून तिची वही निवडली गेली, आणि मुख्याध्यापकांनी तीवर लाल शेरा मारला: ‘आकडे दुरुस्त करा, नाहीतर नाव कापतो.’

प्रयोग साधा होता. वडिलांचा ओळंबा मागच्या जिन्याच्या कठड्यावरून सोडायचा, हलका झोका द्यायचा, वीस हेलकाव्यांना लागणारा वेळ मोजायचा. सव्वादोन मीटर दोरीला साठ सेकंद लागतात. तिनं लिहिलं होतं: सोमवारी एकसष्ट, मंगळवारी सहासष्ट, बुधवारी बहात्तर.

“बहात्तर म्हणजे तीन मीटरच्या वर दोरी,” मी म्हणाले. “मग ओळंबा फरशीच्या खाली हवा.”

“ते मला काय माहीत, बाई? मोजलं ते लिहिलं.”

“साठ लिहून टाक. शिबिर तरी मिळेल.”

“मग बाबांनी भिंतही अंदाजानंच बांधायची का?”

गुरुवारी दुपारी तिचे वडील आले. संमतीपत्रावर सही करायला नाही, तिला मंडळातून काढायला.

“पोरगी आकडे बनवते असं शाळाच म्हणते. थापा मारायला घरीही शिकेल की.”

“मिस्त्री, आधी बघा तरी,” मी म्हणाले.

जिन्यात आम्ही तिघांनी मोजलं. अठ्ठ्याहत्तर.

मिस्त्री दोरी वर ओढू लागले. हातभर, दोन हात, चार हात. मनगटावर वेटोळी चढत गेली. खाली ओळंबा फरशीपासून वीतभर उंच, होता तिथेच. दोरी आता ओली येत होती.

“वीस वर्षं वापरतोय,” ते हळू म्हणाले. “हा खोटं बोलत नाही.”

“आणि मी?”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “तूही नाही. बाई, हे धरा जरा. कागद कुठाय?”

ओला हात पँटला पुसून त्यांनी सही केली.

“आकडे राहू देत,” ते म्हणाले. “साहेबांनाही बोलवा. म्हणावं, घड्याळ घेऊन या.”

दोरी माझ्या मुठीतून सरकायला लागली. खालून कुणी सावकाश ओढून घेत असल्यासारखी.

“घट्ट धरू नका, बाई,” मोजपट्टी घड्याळाचं बटण दाबत म्हणाली. “वेग मोजते.”