कोंबडीच्या पोटातला बफर

ही गोष्ट खरी हाय, म्हणूनच कुणाला पटणार न्हाई. समोर चहा पिणाऱ्या धम्मदीपलाही न्हाई, अन् त्याचं तर इथंच नांदेडात टीव्ही-मोबाईल दुरुस्तीचं दुकान हाय.

माझी पुतणी विशाखा सर्किट बोर्ड बनवते. कंधारच्या कबड्डी स्पर्धेसाठी तिनं लाल दिव्यांचा गुणफलक केला. तिचं पहिलंच मोठं काम. रविवारी फायनल, अन् शुक्रवारी फलक चालू केला तर आठाच्या जागी अर्धवट तीन! पोरीचं तोंड एवढंसं झालं.

"काका, हा मैदानात असा वागला तर मला पुन्हा कुणी काम देणार न्हाई."

"पण बिघडलं काय?"

"बफर चुकीचा निवडला. कंट्रोलर बोलतो सव्वातीन व्होल्टात, दिव्यांकडं पाच. मधला बफर म्हणजे ऐकून पुढं हाळी देणारा गडी. मी मागवलेला साडेतीनच्या खालचं ऐकतच न्हाई. एचसीटी जातीचे दोन पायजेत, त्यांना दोन व्होल्टातलंबी ऐकू येतं."

मी म्हटलं, आणतो. सगळं नांदेड पालथं घातलं, एक बफर मिळंल तर शपथ!

इथं धम्मदीपला ठसका लागला. लागू द्या.

एसटीनं लातूर गाठलं. दुकानदार म्हणला, आठ दिवस थांबा. आमची फायनल परवा! तसाच औशाला गेलो. तिथं गुरुबसप्पा भंगारवाला. त्याच्याकडं बशीची पाटी पडली होती, दिव्यांत गावाचं नाव दाखवणारी. पंधरा वर्षं झाली म्हणला भंगारात येऊन. मी स्क्रू काढले, तर आत तीन एचसीटी! वीस-वीस पायांचे, गोमीवाणी. दोन खिशात टाकले, तिसरा खाली पडला अन् कोंबडीनं गिळला.

"अगं बाई! मग?" चहावाल्या सरजाबाईनं गाळणी हवेतच धरली.

"मग काय, कोंबडी बगलेत मारली. कंडक्टरनं तिचं अर्धं तिकीट फाडलं. ती ओरडली की बशीतले सगळे दिवे लुकलुकायचे. डायव्हर म्हणला, मामा, पाखरू गप करा. चाकूर आलं अन् तिनं माझ्या मांडीवर अंडं घातलं. फोडलं तर आत बफर! एक पाय वाकडा न्हाई."

रविवारी दोन बफर खाचेत बसवले. शेवटची चढाई, तीस-तीस बरोबरी. गडी रेषेला टेकला अन् फलकावर एकतीस असा लख्ख उमटला की कंधारचं मैदान उठून उभं राहिलं. उदगीरवाल्यांनी तिथंच विशाखाला पुढच्या सालचा फलक सांगून ठेवला.

"अन् अंड्यातला हा उरला," म्हणत मी खिशातली चिप बाकड्यावर ठेवली.

धम्मदीपनं ती उचलून डोळ्याजवळ धरली.

"काका, हिच्या पाठीवर चोवीस-एकतीस छापलंय. म्हणजे दोन हजार चोवीस साल, एकतिसावा आठवडा. तवा ही कारखान्यात बनली. तुमची पाटी तर पंधरा वर्षांपासून भंगारात हाय!"

"आता कोंबडीच्या पोटात..."

"कोंबडी राहू द्या. चिपा माझ्या ड्रॉवरातल्या हायत. विशाखाताईला तिन्ही मीच दिल्या, शुक्रवारीच! अन् तवा तुम्ही माझ्याच दुकानात बसून भजे खाऊन राहिले होते!"