वहिनींची स्क्रिप्ट

पाणीपुरवठा खात्याच्या कॉम्प्युटर विभागात सगळे त्यांना वहिनीच म्हणत. त्यांचा धाकटा दीर त्याच खात्यात पंपांचा मेकॅनिक. तो वहिनी म्हणायचा म्हणून आधी फिटर म्हणू लागले, मग शिपाई, आणि शेवटी विभागप्रमुख मॅडमसुद्धा. मॅडम खरं तर वयाने वहिनींपेक्षा चांगल्याच मोठ्या होत्या.

शहरभर पंपघरं विखुरलेली. प्रत्येक पंपघरातल्या कुलूपबंद खोलीत एक सर्व्हर. टाकीत पाणी किती, दाब किती, पंप किती तापलाय, हे नोंदवत तो घुरघुरत बसलेला असे. वहिनींनी ऑफिसातल्या खुर्चीत बसून रोज सकाळी त्या एकेका सर्व्हरमध्ये शिरायचं. पत्ता टाइप करा, नाव टाइप करा, पासवर्ड टाइप करा, आकडे बघा, बाहेर या, पुढच्याचं दार ठोठवा. पासवर्ड लांबलचक, आणि टाइप करताना पडद्यावर काही म्हणजे काही दिसत नाही. एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. दुपारच्या जेवणापर्यंत बोटांची पार वाट लागायची, आणि तोवर सकाळचे आकडे शिळे झालेले असायचे.

हे असं निवृत्तीपर्यंत करायचं की काय, हा विचार एकदा मनात आला तो जाईना. जी कामं आपण रोज त्याच क्रमाने करतो, ती ओळीने लिहून कॉम्प्युटरच्याच हवाली करता येतात. त्या लिखाणाला स्क्रिप्ट म्हणतात, एवढं त्यांना ठाऊक होतं. लिहिली मात्र कधी नव्हती. जेवणाच्या सुट्टीत डबा उरकून त्या वाचत बसू लागल्या. पहिल्या प्रयत्नांत स्क्रिप्ट इतकी उतावीळ, की समोरच्या सर्व्हरने विचारायच्या आधीच पासवर्ड सांगून मोकळी व्हायची. पलीकडच्याने फोन उचलण्याआधीच बोलत सुटावं, तसं. मग वहिनींनी तिला थांबायला शिकवलं: प्रश्न येऊ दे, मगच उत्तर दे. आणि एका दुपारी पडद्यावर एकामागून एक पंपघरं आपापली उघडत गेली. वहिनी हात मांडीवर ठेवून नुसत्या बघत राहिल्या.

त्यांनी मॅडमना बोलावलं. मॅडमनी स्क्रिप्ट वरपासून खालपर्यंत वाचली, आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"काम झकास करतेय. पण वहिनी, हा सगळ्या पंपघरांचा पासवर्ड मी इथे उभ्या उभ्या वाचला. उद्या दुसरं कुणी वाचेल. शहराचं पाणी आहे हे."

वहिनींचा चेहरा उतरला. मॅडमचं बरोबर होतं, म्हणूनच जास्त लागलं. घरी त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. नवऱ्याने काय झालं ते ऐकून घेतलं आणि विचारलं, की स्क्रिप्ट चुकली का पासवर्ड ठेवायची जागा चुकली? वहिनी म्हणाल्या, जागा. मग जागा बदल की, म्हणून तो भांडी घासायला उठला.

त्या पुन्हा वाचायला बसल्या. पासवर्डऐवजी किल्लीने आत जायची सोय असते असं कळलं. किल्लीचे दोन भाग. एक भाग सगळ्या सर्व्हरांना देऊन ठेवायचा, तो कुणी पाहिला तरी बिघडत नाही. दुसरा गुपित भाग आपल्याच कॉम्प्युटरवर, आणि त्यालाही एक परवलीचं वाक्य, जे फक्त आपल्या डोक्यात. सकाळी ते एकदाच टाइप करायचं, पुढचं सगळं आपोआप. वहिनींनी स्क्रिप्ट जवळजवळ नव्याने लिहिली. शिवाय प्रत्येक आकडा शेवटचा कधी बदलला हे सांगणाऱ्या दोन ओळी स्वतःच्या डोक्याने घातल्या. मॅडमनी ह्या वेळी अधिकच बारकाईने वाचलं. बोट कुठेच थांबलं नाही.

"लावा कामाला," एवढंच त्या म्हणाल्या.

ऐन उन्हाळ्यातली सकाळ होती. स्क्रिप्ट चालवली, आणि वहिनी चहाचा कप तोंडाला लावतात तोच एका ओळीने त्यांचं लक्ष खेचलं. टेकडीवरच्या पंपघराची टाकी जवळजवळ भरलेली दिसत होती, पण तो आकडा आदल्या दिवसापासून हललाच नव्हता. पंप चालू आहे, लोक पाणी वापरताहेत, आणि पातळी जागची ढिम्म? असं होत नाही. मापकच अडकला असणार. त्यांनी ताबडतोब दिराला फोन लावला.

"भाऊजी, टेकडीवर जा. आकड्यावर विश्वास ठेवू नका, झाकण उघडून बघा."

भाऊजींनी झाकण उघडलं तर टाकीचा तळ दिसत होता; आकडा बघून भरलेली समजल्यामुळे तिच्यात नवं पाणी सोडलंच गेलं नव्हतं. तिच्यातून पाणी उपसणारा पंप थोड्याच वेळात कोरडा फिरून जळाला असता. त्यांनी तो हाताने बंद केला. फोनवर ते म्हणाले, की तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते आज टेकडीवाल्यांना शब्दशः कळलं असतं. पाणी दुसऱ्या लाइनीवरून वळवलं गेलं, आणि टेकडीवर कुणाला काही कळलंसुद्धा नाही. जुन्या पद्धतीने वहिनी त्या पंपघराच्या दारात पोचेपर्यंत दुपार झाली असती.

दोन दिवसांनी टेकडीची हकीकत ऐकून मुख्य अभियंता साहेब स्वतः विभागात आले. ही यंत्रणा कुठल्या कंपनीकडून घेतली, असं त्यांनी मॅडमना विचारलं. मॅडमनी वहिनींकडे बोट दाखवलं.

वहिनी उठून उभ्या राहिल्या. "घेतलेली नाही, साहेब. मी लिहिलीय."

सांडपाणी विभागालाही असंच काही हवं होतं, त्यांना शिकवाल का, असं साहेबांनी विचारलं. वहिनी हो म्हणाल्या. ठरल्या दिवशी त्या विभागाची सगळी मंडळी मोठ्या पडद्यासमोर येऊन बसली. भाऊजी काही काम नसताना मागच्या रांगेत येऊन बसले, आणि शेजारच्याला कानात सांगत राहिले की ही आमची वहिनी. वहिनींनी परवलीचं वाक्य टाइप केलं, स्क्रिप्ट चालू केली, आणि शहरातली पंपघरं एकेक करून पडद्यावर उघडू लागली. समोर कुजबुज थांबली. समजावून सांगायला त्यांनी मुळीच घाई केली नाही. सगळ्यांना आधी पोटभर बघू दिलं.