वासावरून ओळखलेली गोळी

"काका, तीनशे दहा! साखरेची गोळी बंद केलीत की काय?"

तपासणी खरं तर काकूंची होती. काका नुसते सोबत आलेले, पण बाकावर बसल्या बसल्या त्यांना घेरी आली आणि सिस्टरनं त्यांच्याच बोटाला सुई टोचली. काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

काकूंच्या स्तनातली गाठ काढून आठ महिने झाले होते. कॅन्सर परत येऊ नये म्हणून मधुमेहाची जुनीच गोळी उपयोगी पडते का, याची या रुग्णालयात चाचणी चालू होती. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना हुबेहूब दिसणारी खोटी. कुणाला कुठली, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. नेमकी तीच गोळी काका मधुमेहासाठी बारा वर्षं घेत होते.

काकांचा उभा जन्म मोटारीच्या सुट्या भागांच्या गोदामात गेला. डुप्लिकेट माल नुसता हुंगून ओळखणारे म्हणून त्यांचा तिथे दरारा होता. त्यांची स्वतःची गोळी दिसायला अगदी तशीच होती, पण तिला उग्र वास यायचा. त्यांनी काकूंची बाटली उघडून हुंगली, तर वासाचा पत्ता नाही! त्या दिवसापासून काकांच्या जिवाला घोर लागला. काकू आंघोळीला गेल्या की ते आपली गोळी त्यांच्या रोजच्या गोळीच्या डबीत टाकायचे आणि त्यांची आपण गिळायचे.

"दीड महिना झाला," काका पुटपुटले. "सिस्टर, चूक माझी आहे. हिला चाचणीतून काढू नका."

"अहो, वास नाही म्हणजे खोटीच असं नसतं. वरचं आवरण जाड असतं कधी कधी."

"मग माझी साखर का वाढली?"

सिस्टरनं त्यांच्या बोटावर कापूस दाबला. "काळजीनंही वाढते. आणि काका, खरी गोळी तरी कॅन्सरवर चालते का? तेच तर बघतोय आम्ही." तिनं डॉक्टरांना फोन लावला. काकूंच्या गोळ्या आजपासून बंद, तपासण्या तेवढ्या चालू राहतील, असं ठरलं.

काकू इतका वेळ ऐकत होत्या. आता त्या कडाडल्या, "मला एका शब्दानं विचारलंत?"

"तू खोट्या गोळ्या खात राहिलीस आणि काही झालं असतं म्हणजे?"

"खोटीही मिळू शकते हे ऐकूनच सही केली होती मी. माझी आई याच आजारानं गेली. उद्या आपल्या लेकीवर वेळ आली, तर तिला डॉक्टरांनी अंदाजपंचे काही सांगू नये, एवढंच हवं होतं मला."

काकांना हे माहीतच नव्हतं. सही करताना ते शेजारीच बसले होते, पण कारण विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं.

"सिस्टर, झालं ते सगळं लिहा. यांनी केलं तेही," म्हणत काकूंनी बाही वर सारली.

रक्त देताना त्यांची पर्स नेहमी काकांकडे असायची. काकांनी सवयीनं हात पुढे केला. काकूंनी पर्स आपल्याच मांडीवर ठेवली आणि दुसरा हात सुईसाठी सरळ केला.